सहा वर्षं अखंड हिरवा

काम अर्ध्या तासाचं होतं. हे हिरव्यांनी स्वतः सांगितलं होतं, सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, पूर्ण शुद्धीत, तीन साक्षीदारांसमोर. पहिल्या साक्षीदार मालकीणबाई, दुसऱ्या तपासनीसबाई आणि तिसरं गाढव.

गाढव कापसाचं होतं. पण साक्ष ती साक्ष.

कचेरी म्हणजे पहिल्या मजल्यावरची दीड खोली. तीन टेबलं, एक कपाट, एक चहाची किटली. इथे वाचनालयांसाठी प्रोग्राम तयार होई : कुठलं पुस्तक कोणी नेलं, परत कधी द्यायचं, नाही दिलं तर गोड शब्दांत आठवण कोणाला करायची. एकेचाळीस वाचनालयं तो वापरत. मालकीणबाई कचेरी चालवत, हिरवे प्रोग्राम लिहीत, आणि हिरव्यांनी लिहिलेलं चुकलं कुठे हे पकडायला तपासनीसबाई चाचण्या लिहीत. चाचणी म्हणजे प्रोग्रामला विचारलेला प्रश्न. ‘एकच पुस्तक एकाच दिवशी दोघांनी मागितलं, तर तू कोणाला देशील?’ उत्तर बाईंना ठाऊक असे. प्रोग्रामला ठाऊक आहे की नाही ते बघायचं. सहा वर्षांत बाईंनी असे चारशे बारा प्रश्न काढले होते.

हिरवे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव खिडकीतल्या दिव्यामुळे पडलं. प्रोग्राममध्ये एक अक्षर जरी बदललं, तरी सगळा प्रोग्राम एका दूरच्या कंपनीच्या भाड्याच्या यंत्रावर जाई, तिथे त्याची बांधणी होई, चाचण्या होत, आणि निकाल कचेरीच्या खिडकीतल्या दिव्यावर उमटे. पास तर हिरवा, नापास तर लाल. ही सगळी जोडणी हिरव्यांनी केली होती. दिवा लागला त्याच दिवशी मालकीणबाईंनी कापसाचं गाढव आणलं आणि नियम केला : दिवा ज्याच्या चुकीने लाल होईल, त्याच्या टेबलावर गाढव. पुन्हा हिरवा होईपर्यंत मुक्काम तिथेच.

गाढव कपाटावर ठेवलं. ते सहा वर्षं कपाटावरच होतं. दुकानाची चिठ्ठी अजून त्याच्या कानाला लटकत होती. दिवा एकदाही लाल झाला नव्हता. एकदाही! इतकं निर्दोष काम करणारी माणसं जगात दुसरीकडे असतील का, याबद्दल तिघांनाही शंका होती आणि तिघंही ती विनयाने बोलून दाखवत नसत. हिरवे मात्र कधीकधी दाखवत.

येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता दिव्याला सहा वर्षं पुरी होणार होती. मालकीणबाईंनी केक सांगितला होता. वर हिरव्या अक्षरांत लिहायचं होतं : ‘सहा वर्षं अखंड हिरवा’.

आणि सोमवारी हे पत्र आलं :

*प्रिय ग्राहक, आपण वापरत असलेलं मूळ बांधणी-वातावरण आता जुनं झालं आहे. आम्ही सर्वांसाठी नवं, अधिक सुरक्षित, अधिक काटेकोर वातावरण आणत आहोत. जुनं शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद होईल. बहुतेक ग्राहकांना काहीही करावं लागणार नाही.*

‘बहुतेक’ या शब्दाकडे हिरव्यांनी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. सरकारी कागदावर आणि कंपनीच्या पत्रात ‘बहुतेक’ हा शब्द आला की उरलेला एकटा माणूस आपणच असतो.

“वातावरण म्हणजे काय हो?” मालकीणबाईंनी विचारलं. “हवा?”

“खोली समजा,” हिरवे म्हणाले. “भाड्याची खोली. आपला प्रोग्राम तिथे रोज नव्याने बिऱ्हाड मांडतो आणि काम झालं की मोडतो. आपण खास काही मागितलं नाही तर कंपनी जी देते, ती मूळ खोली. आता त्यांनी खोल्या नव्या बांधल्यात. आपण फक्त फाइलीतला जुन्या खोलीचा नंबर खोडायचा आणि नवा घालायचा. अर्ध्या तासाचं काम.”

अर्धा तास, मूळ

हिरव्यांनी नंबर खोडला, नवा घातला, आणि ऐटीत खुर्ची मागे रेलून चहाचा घोट घेतला.

दिवा लाल झाला.

लाल म्हणजे कसा? सहा वर्षं त्या बाजूची तार कधी तापलीच नव्हती, त्यामुळे आधी जरा अडखळला, फुरफुरला, आणि मग असा पेटला की मालकीणबाईंची पांढरी साडी गुलाबी दिसू लागली. चहा हिरव्यांच्या नाकात गेला.

खालून हाक आली, “हिरवेसाहेब! ओ हिरवेसाहेब! काय झालं?”

हा टेलरमास्तर. त्याचं दुकान बरोबर खिडकीखाली होतं. दुकानाबाहेर त्याने कुंड्यांत गुलाब लावले होते, आणि ते गुलाब गेली दोन-अडीच वर्षं कोणाचंही न ऐकता वर चढत चढत कचेरीच्या खिडकीपर्यंत आले होते. दिव्याची तार तपासायला हिरव्यांनी हात बाहेर काढला की बोटं रक्ताळत. मास्तर दिव्याखाली बसून कापड बेतायचा. दिवा आल्यापासून त्याची एकही कात्री चुकीची चालली नव्हती, असा त्याचा दावा होता आणि त्याचं श्रेय तो दिव्याला देई.

“काही नाही, मास्तर! किरकोळ आहे!”

“किरकोळ कसं? मी कात्री खाली ठेवली बघा. बँडवाल्यांचे अकरा कोट बेतायचेत, शनिवारी त्यांना हवेत. लालमध्ये मी कात्री चालवणार नाही.”

“अर्ध्या तासात हिरवा करतो!”

हे दुसऱ्यांदा. या वेळी साक्षीदार सगळी गल्ली.

तपासनीसबाई उठून हिरव्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. बाईंना घाई कधी नसे. नियमाप्रमाणे त्यांनी कपाटावरच्या गाढवाकडे एकदा बघितलं, मग हिरव्यांकडे.

“गाढव काढायचं का?”

“बाई, चूक माझी कशी? मी नंबर बदललाय नुसता. कदाचित तुमच्या एखाद्या चाचणीत...”

“माझ्या चाचण्या सहा वर्षांत एकदाही नापास झालेल्या नाहीत,” बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

ते खरंच होतं. मग चूक कोणाची? खोलीची! तिघांचं लगेच एकमत झालं. नवी खोलीच वाईट. आजकाल बांधतातच तशी. हिरव्यांनी जुना नंबर परत घातला, दिवा हिरवा झाला, खाली कात्री कचकचली. गाढव कपाटावरच राहिलं.

पण शुक्रवार बारा वाजता जुनी खोली पडणार होती, ते काही टळत नव्हतं.

अर्धा तास, वाढीव

मंगळवारी सकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की हिरवेसाहेबांचं काहीतरी बिनसलंय.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर होते. ते जिन्यात भेटले. “ऐकलं मी. माझं मत विचाराल तर, दुखत नसेल तर हात लावू नका.”

“दुखतंय हो डॉक्टर.”

“मग आधीच यायला हवं होतं,” असं म्हणून डॉक्टर आत गेले.

टेलरमास्तर दारातच वाट बघत होता. “साहेब, रात्रभर विचार केला. नवं कापड आहे ना?”

“खोली आहे, मास्तर.”

“तेच ते. नवं कापड आधी पाण्यात घालून आटवून घ्यायचं. न आटवता शिवलं की पहिल्या धुण्याला बाह्या वर.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि काही करा, पण मला आधी सांगा. काल दिवा लाल झाला तेव्हा माझी कात्री खिशाच्या अर्ध्यात होती. त्या बँडवाल्याला आता अर्धाच खिसा आहे.”

बायकोने सकाळीच सांगितलं होतं, “कंपनीला फोन कर ना.” पण कंपनीला फोन नव्हता. कंपनीला मदत-खिडकी होती. तिथे तक्रार लिहायची.

*तक्रार क्र. ७१०४४. नवी खोली सदोष आहे. जुन्या खोलीत आमचं काम सहा वर्षं एकदाही बिघडलं नाही.*

*उत्तर (चार सेकंदांनी) : आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. आपली अडचण सुटली का? हो / हो, धन्यवाद.*

*तक्रार क्र. ७१०५१. नाही सुटली.*

*उत्तर : ‘हो’ निवडल्याबद्दल आभार. आमच्या सेवेला किती तारे द्याल?*

हिरव्यांनी एक तारा दिला. ताबडतोब उत्तर आलं की आपल्या नाराजीचं कारण सविस्तर लिहा, पन्नास शब्दांपेक्षा कमी नको. हिरव्यांनी तीनशे चाळीस शब्द लिहिले. त्यात सचोटी होती, परंपरा होती, ‘आम्ही या क्षेत्रात नवखे नाही’ हे वाक्य दोनदा होतं. ते पाठवल्यावर एक अर्ज आला : जुनी खोली महिनाभर चालू ठेवण्यासाठी मुदतवाढीचा अर्ज. वा! हिरव्यांना हुरूप आला. अर्जात शेवटी एक चौकट होती :

*मी माझ्या कामाचा लॉग वाचला आहे.* ☐

लॉग म्हणजे यंत्राने काय काय केलं, त्याची ओळीओळीची नोंद. हिरव्यांनी चौकटीत खूण केली. लॉग वाचला होता का? अहो, औषधाच्या बाटलीवरचा कागद आपण वाचतो का? भाडेकरार वाचतो का? खूण करतो. ज्या चौकटीपुढे ‘मी वाचलं आहे’ लिहिलेलं असतं, ती जगातली सगळ्यात जास्त खोटी सही असते, आणि ती करताना कोणाचाही हात कापत नाही.

बुधवारी दुपारी तीन वाजता उत्तर आलं. या वेळी ते यंत्राचं नव्हतं. पलीकडे कोणी माणूस होता, कारण वाक्य छोटं होतं आणि त्यात दया होती :

*आपण लॉग वाचला आहे असं लिहिलं आहे. आम्हीही वाचला. कृपया पुन्हा एकदा वाचावा. दोन्ही खोल्यांचा.*

लॉग

दिवा लाल झाला की माणूस लॉग उघडतो. दिवा हिरवा असला की कोण उघडतो? पास झालेल्या मुलाच्या उत्तरपत्रिका कोण परत मागतं? सहा वर्षांत तीन हजार आठशे चार वेळा दिवा हिरवा झाला होता आणि तीन हजार आठशे चार लॉग न उघडता पडून होते. हिरव्यांनी कालचा, जुन्या खोलीतला, हिरवा लॉग उघडला.

*चाचण्या सुरू करत आहे.*
*चाचणी घेणारा प्रोग्राम सापडला नाही.*
*निकाल : सर्व ठीक.*

हिरव्यांनी चष्मा पुसला. मग परवाचा उघडला. मग गेल्या वर्षीचा. मग सगळ्यात पहिला, सहा वर्षांपूर्वीचा.

*चाचणी घेणारा प्रोग्राम सापडला नाही.*
*निकाल : सर्व ठीक.*

जे झालं होतं ते असं. चाचण्या घेणारा प्रोग्राम जुन्या खोलीत आधीपासून नव्हता; तो आपण नेऊन ठेवायचा होता. हिरव्यांनी तो ठेवला नाही. त्या फाइलीत त्यांच्याच हातची टीप होती : ‘चाचणी घेणारा प्रोग्राम आणून ठेवणे. उद्या बघू.’ आणि पुढच्या ओळीत त्यांनी दोन कामं एका रांगेत लावली होती. पुढचा चाचण्या घेईल, मागचा निकाल वहीत उतरवेल. जुनी खोली भोळी होती. ती रांगेतल्या फक्त शेवटच्याला विचारी, “काय रे, जमलं का?” शेवटचा म्हणजे वहीवाला. त्याला फक्त लिहायचं होतं. तो म्हणे, “जमलं की!” पुढे कोणी आहे की नाही, हे विचारायचं काम त्याचं नव्हतं. नवी खोली काटेकोर. ती रांगेतल्या प्रत्येकाला विचारी.

म्हणजे चारशे बारा चाचण्या सहा वर्षांत एकदाही नापास झाल्या नव्हत्या, हे अगदी खरं होतं. त्या एकदाही झाल्याच नव्हत्या.

हिरव्यांनी मान वर केली. समोर तपासनीसबाई शांतपणे चारशे तेरावी चाचणी लिहीत होत्या. खिडकीत दिवा हिरवागार होता. कपाटावरचं गाढव हिरव्यांकडे बघत होतं.

“काय झालं हो?” बाईंनी न बघताच विचारलं. “घाम आलाय तुम्हाला.”

“उकडतंय,” हिरवे म्हणाले. पंखा चालू होता.

घरी

हिरव्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. बुधवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसली होती. हिरव्यांनी सगळं सांगितलं. म्हणजे, थोडं सांगितलं. उरलेलं तिने काढून घेतलं.

“थांब. म्हणजे पेपर कोणी तपासलेच नाहीत?”

“तपासणारा वर्गात आलाच नव्हता.”

“मग निकाल कोणी लावला?”

“शिपायाने. कागद गोळा झाले का एवढंच त्याला विचारलं होतं.”

“आणि शंभर टक्के निकाल.”

“सहा वर्षं.”

तिने लाल पेन खाली ठेवलं आणि हसायला लागली. हसता हसता तिने एका मुलाच्या पेपरवर चहा सांडला, तो पुसला, आणि पुन्हा हसली. हिरवे गंभीर चेहऱ्याने बसून राहिले. माणसाच्या अब्रूचे धिंडवडे निघत असताना घरच्यांनी निदान तोंडावर हात तरी धरावा.

“तुझ्या त्या तपासनीसबाईंना सांगितलंस?”

“नाही.”

“सांगणार आहेस ना?”

“तसं बघितलं तर...” हिरवे म्हणाले आणि थांबले. कारण वाटेत त्यांना एक गोष्ट सुचली होती. नव्या खोलीला एका ओळीत सांगता येत होतं : बाई गं, तूही फक्त शेवटच्यालाच विचार. एकच ओळ. दिवा हिरवा. केक हिरवा. बाईंची सहा वर्षं हिरवी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“तसं बघितलं तर काय?” बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“अरे, ती बाई सहा वर्षं रोज प्रश्न काढते आहे. एखाद्याने तिला उत्तरं वाचून तरी दाखवावीत.”

झाकली मूठ

गुरुवारी सकाळी हिरव्यांनी ती ओळ घातली.

नव्या खोलीत दिवा हिरवा झाला. खाली मास्तरने कात्री वाजवून सलामी दिली. मालकीणबाई म्हणाल्या, “वा! मी केकवाल्याला सांगते, काही बदल नाही.” काम अर्ध्या तासाचं होतं, फक्त तीन दिवस उशिरा झालं होतं. हिरव्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट पायात चप्पल उलटी घातल्यासारखं वाटत राहिलं.

दुपारी तपासनीसबाई त्यांच्या टेबलाशी आल्या. हातात जाडजूड वही. सहा वर्षांत त्यांनी ती कोणाला दाखवली नव्हती.

“हिरवे, तुमचे आभार मानायचे होते.”

“छे, छे. कशाला?”

“सोमवारी दिवा लाल झाला ना, तेव्हापासून झोप नव्हती मला. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.” त्यांनी वही उघडली. प्रत्येक चाचणीला एक पान. वर नंबर, खाली बाईंच्या गोल अक्षरात कोणासाठी ते. “ही बघा, एकशे साठ. एक आजोबा एकच पुस्तक पुन्हापुन्हा नेतात, त्यांना ‘हे आपण वाचलं आहे’ असं सांगायचं नाही. ही दोनशे चार. जुळ्या बहिणींची कार्डं अदलाबदल होतात. ही सदतीस, माझी आवडती. पुस्तक परत द्यायची तारीख एकोणतीस फेब्रुवारी आली, तर? चार वर्षांतून एकदाच होतं, पण ज्याचं होतं त्याने काय करायचं? लिहिते तेव्हा माझ्या टेबलावर एकदा चालवून बघते. नंतर तुम्ही प्रोग्राममध्ये काही बदललंत तरी काळजी नसते. दिवा आहे ना बघायला.”

हिरव्यांनी वहीचं पान उलटलं. मग आणखी एक. चारशे बारा माणसं, आणि त्यांच्यासाठी चारशे बारा प्रश्न. त्या पहिल्या वेळेनंतर एकाचंही उत्तर कोणी ऐकलं नव्हतं.

“छान आहे वही,” ते म्हणाले.

शुक्रवार, पावणेबारा

केक आला. मालकीणबाईंनी तो गाढवाखालच्या कपाटासमोर स्टुलावर ठेवला. दातांचे डॉक्टर आले (“मी खाणार नाही, पण तुम्ही खा, माझा धंदा आहे”). टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून आला. मालकीणबाईंनी सुरी हिरव्यांच्या हातात दिली.

“तुम्हीच कापा. दिवा तुमचा.”

हिरव्यांनी सुरी घेतली. खाली ठेवली. टेबलापाशी गेले. कालची ओळ खोडली.

“काय करताय?” मालकीणबाई म्हणाल्या.

दिवा लाल झाला. पांढरा केक गुलाबी दिसू लागला. मास्तरने कात्री नसतानाही हात वर केले.

हिरवे स्टुलावर चढले. म्हणजे चढणार होते. त्यावर केक होता. म्हणून खुर्चीवर चढले. कपाटावरून गाढव काढलं, त्याच्यावरची सहा वर्षांची धूळ स्वतःच्या सदऱ्याला पुसली आणि ते आपल्या टेबलावर ठेवलं. मग सगळं सांगितलं. खोली, रांग, वहीवाला, ‘उद्या बघू’. कालची ओळसुद्धा. सांगताना ते तपासनीसबाईंकडे बघत नव्हते, गाढवाकडे बघत होते. गाढव समजूतदार होतं.

डॉक्टरांनी जीभ चावली.

“एकही?” शेवटी तपासनीसबाईंनी विचारलं.

“एकही नाही.”

“सहा वर्षं?”

“तीन हजार आठशे चार वेळा.”

बाई हळूहळू खाली बसल्या. मालकीणबाईंनी त्यांना पाणी द्यायला ग्लास उचलला. हिरव्यांनी जे काही ऐकावं लागेल ते ऐकायची तयारी केली.

“हिरवे,” बाई म्हणाल्या, “तो चाचणी घेणारा प्रोग्राम आत्ता आणून ठेवता येतो का?”

“येतो. एका ओळीचं काम आहे.”

“मग माझं तोंड काय बघताय? ठेवा!”

ठेवला. नव्या खोलीने बिऱ्हाड मांडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा पडद्यावर प्रश्न एकामागून एक धावू लागले. *१ : पास. २ : पास. ३ : पास.* बाई उठून उभ्या राहिल्या. *छत्तीस : पास.*

*सदतीस : नापास.*

“थांबू देऊ नका, पुढे जाऊ द्या!” बाई ओरडल्या. सहा वर्षांत त्या पहिल्यांदा ओरडत होत्या. एकशे साठ, पास! आजोबा पास! दोनशे चार, पास! जुळ्या बहिणी पास! मास्तर प्रत्येक पासला टाळी वाजवत होता. डॉक्टरांनी न विचारता केकचा कोपरा तोंडात टाकला. *चारशे बारा : पास.*

“चारशे अकरा!” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. “बघितलंत? चारशे अकरा! मला वाटलं होतं निम्म्या तरी पडतील!” आणि मग, अचानक तपासनीस होऊन : “सदतीस कोणी मोडली?”

शोधायला वेळ लागला नाही. बाईंनी ती चाचणी लिहिल्यावर आठव्या दिवशी कोणीतरी तारखांच्या हिशेबात हात घातला होता. त्या बदलाला नाव दिलं होतं : ‘किरकोळ सफाई’. नाव देणारे हिरवे. त्या सफाईनंतर प्रोग्रामचं ठाम मत झालं होतं की एकोणतीस फेब्रुवारी अशी तारीखच नसते. त्या दिवशी परत द्यायची पुस्तकं ना वेळेवरच्या यादीत येत, ना उशिराच्या. ती अधांतरी राहत.

“गाढव इथेच राहू दे,” तपासनीसबाई म्हणाल्या, “शेपटी जरा तुमच्याकडे करा.”

हिरवे दुरुस्तीला बसले. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या, केकचा दुसरा कोपरा खात, बोट दाखवत. “तिथे नाही हो, वर. वर! अहो, तुमचीच सफाई आहे, ओळखता येत नाही?” पावणेएक वाजता चारशे बारापैकी चारशे बारा पास झाल्या. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. दुरुस्तीला बरोबर अर्धा तास लागला होता.

दिवा हिरवा झाला. तोच दिवा, तोच रंग, पण सगळे खिडकीशी जाऊन तो बघून आले. नवा प्रोग्राम एकेचाळीस वाचनालयांकडे रवाना झाला. मालकीणबाईंनी केकवरच्या अक्षरांतली ‘सहा वर्षं अखंड’ तेवढी सुरीने खरवडली आणि उरलेला ‘हिरवा’ कापला.

दीड वाजता टेलरमास्तरचा फोन वाजला. त्याने संदेश वाचला. पुन्हा वाचला. फोन डॉक्टरांना दाखवला, त्यांनी मोठ्याने वाचला :

*आदरणीय वाचक, आपण नेलेलं ‘घरच्या घरी गुलाब’ हे पुस्तक परत द्यायची तारीख उलटून ८३४ दिवस झाले आहेत. नजरचुकीने राहिलं असल्यास कृपया परत करावं.*

मास्तर जिना उतरला. दोन मिनिटांनी वर आला. हातात पुस्तक, मातीने माखलेलं, मधे खुणेला टेपचा तुकडा. दुसऱ्या हातात कात्री, आणि एक गुलाब, खिडकीतून आत डोकावणाऱ्यांपैकीच.

“शपथेवर सांगतो, साहेब,” तो म्हणाला, “मी रोज वाट बघायचो कोणीतरी मागेल म्हणून. कोणी मागितलंच नाही. मला वाटलं, वाचनालयानेच सांगितलं, की मास्तर, तुमची फुलं चांगली येतायत, तुम्हीच ठेवा.”

तपासनीसबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं आणि तारीख बघितली. एकोणतीस फेब्रुवारी. मग त्यांनी वहीतलं सदतिसावं पान उघडून मास्तरपुढे धरलं. ‘पण ज्याचं होतं त्याने काय करायचं?’ त्याखाली पेनाने लिहिलं : ‘गुलाब लावायचे.’

मास्तरने दिव्याकडे बघून खात्री केली, कात्री उघडली आणि गाढवाच्या कानाची चिठ्ठी कच्चकन कापून टाकली. तिथे गुलाब खोवला.

“आता एक विनंती आहे,” तो म्हणाला. “पुस्तक पुन्हा माझ्या नावावर करून द्या. छाटणीचं प्रकरण वाचायचं राहिलंय.”

हिरव्यांनी खिडकीतून आत आलेल्या काट्यांकडे बघितलं, मग आपल्या ओरखडलेल्या बोटांकडे. “करतो की. पण मास्तर, छाटणीला किती दिवस घ्याल?”

“दिवस कसले साहेब!” मास्तर म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम आहे.”

तपासनीसबाई उठल्या. हिरव्यांच्या टेबलावरचं गाढव त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि मास्तरच्या खांद्यावर ठेवलं.